ऑपरेशनला पूर्ण मार्क, सांगण्याबोलण्याला काठावर पास

दादर-माटुंगा पट्ट्यातल्या एका खाजगी डोळ्यांच्या हॉस्पिटलात माझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. नाव लिहीत नाही, कारण माझी मुख्य तक्रार एवढ्या एकाच ठिकाणची आहे असं मला वाटत नाही. ओळखीतल्या ज्यांनी इतरत्र केलं, तेही हेच सांगतात. निकाल आधीच देऊन टाकतो. सर्जनचा हात उत्तम, नर्सेस प्रेमळ, स्वच्छता चोख. पण ऑपरेशननंतर डोळ्याला काय काय दिसू शकतं हे आधी कुणी धडपणे सांगत नाही, आणि नंतर विचारायला जावं तर उत्तर ठरलेलं: "काका, सगळं नॉर्मल आहे."

मी आयुष्यभर नाटकांची लाइट्स केली. डिझाइन मोठ्या लोकांचं. माझं काम शिडीवर चढून स्पॉट फोकस करायचे आणि प्रयोगाला दिव्यांच्या कंट्रोल बोर्डावर बसायचं. शिवाजी मंदिर, यशवंत, दीनानाथ, ठाण्याचं गडकरी, सगळीकडच्या शिड्या चढून झाल्या. आता दौरे बंद केलेत, पण मुंबईतल्या प्रयोगांना अजून बोलावतात. हे सांगायचं कारण एवढंच की उजेड कुठून येतो आणि कुठे पडतो याकडे माझं लक्ष इतरांपेक्षा जरा जास्तच असतं. पुढे जे लिहिलंय त्यातलं निम्मं दुसऱ्या कुणाला जाणवणारही नाही.

तपासणी मन लावून झाली. डोळ्याची लांबी, बुबुळाची गोलाई मोजून भिंगाचा नंबर काढतात, ते माप त्यांनी शंका आली म्हणून परत घेतलं. मग मला काउन्सेलर बाईंच्या केबिनमध्ये बसवलं. टेबलावर भिंगांचं लॅमिनेट केलेलं रेटकार्ड. साध्या मोनोफोकलचं, म्हणजे एकाच अंतराचं नीट दाखवणाऱ्या भिंगाचं, पॅकेज विम्यात बसणारं, मल्टीफोकलचं दुपटीहून जास्त आणि वरचे पैसे खिशातून. "मल्टीफोकल घ्या काका, चष्मा सुटेल." मी विचारलं, रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात म्हणे? "थोडंफार. सवय होते."

सवय होते खरी, बऱ्याच जणांना. पण मल्टीफोकल भिंग आत येणारा प्रकाश दूरसाठी आणि जवळसाठी असा वाटून देतं. त्यामुळे अंधारात दिव्याभोवती वर्तुळं दिसतात आणि मंद उजेडात कॉन्ट्रास्ट घटतो. ज्याचं पोट काळोखात बसून वीस टक्क्यांवरचा दिवा आणि पंचवीस टक्क्यांवरचा दिवा यांतला फरक ओळखण्यावर आहे, त्याने सवयीच्या भरवशावर कसं राहायचं? हे केबिनमध्ये कुणी विचारलं नाही. सर्जननी विचारलं, "काम काय करता?" आणि उत्तर ऐकून सरळ म्हणाले, "मग तुम्ही मोनोफोकलच घ्या. वाचायला चष्मा लागेल, तेवढा लावा." महागाचं सोडून स्वस्तातलं सुचवणारा डॉक्टर. त्या एका वाक्यासाठी एक स्टार जास्त देतोय.

ऑपरेशनबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, आणि हीच त्याची तारीफ. थेंब टाकून डोळा बधिर केला, दोन-अडीच मिलिमीटरची चीर, आतलं पिकलेलं भिंग अल्ट्रासाउंडने फोडून ओढून घेतलं, घडी घातलेलं नवीन भिंग आत जाऊन उलगडलं. टाका नाही. मायक्रोस्कोपच्या दिव्याखाली मला नुसते रंग दिसत होते. दुपारी घरी.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि घरातली ट्यूबलाइट निळी दिसली. डाव्या डोळ्याने भिंत निळसर पांढरी. उजव्या, अजून ऑपरेशन न झालेल्या डोळ्याने तीच भिंत ली कंपनीची १०३ नंबरची जेल (दिव्यापुढे लावायची रंगीत पारदर्शक शीट) मध्ये धरल्यासारखी, म्हणजे फिक्कट गवती पिवळी. वयाबरोबर भिंग पिवळं होत जातं आणि निळा-जांभळा प्रकाश अडवतं. ते काढलं की अडवलेला निळा पुन्हा आत येतो. पेटीतून १८१ नंबरची काँगो ब्लू काढून खिडकीपाशी धरली आणि तिचा खरा जांभळा दिसला. मेंदू हळूहळू जुळवून घेतो, निळेपणा ओसरतो. मला तर तो ओसरला याचंच जरा वाईट वाटलं.

कटकट दुसरीच होती. डाव्या बाजूला, कानशिलाकडे, चंद्रकोरीच्या आकाराची काळसर सावली. पहिल्या दिवसापासून तिथेच. केळकर रोडवर चालताना डावीकडून कुणी अंगावर येतंय असं वाटून मी दचकायचो, वळून बघितलं तर कुणी नाही. शिवाय बाजूने दिवा आला की डोळ्याच्या कडेला कमानीसारखा चमकारा, आणि रात्री समोरून येणाऱ्या गाड्यांच्या एलईडी हेडलाइटमधून तिरकस रेघा. बायको म्हणाली, काळोखात तुमचा डोळा मांजरासारखा चमकतो. ते मात्र खरंच असतं. या भिंगाच्या पृष्ठभागावरून प्रकाश परततो, समोरच्याला तो दिसू शकतो.

फॉलोअपला हे सगळं सांगितलं. ज्युनियर डॉक्टरांनी चार्ट वाचायला लावला. ६/६. "बघा, शेवटची ओळ वाचलीत! सगळं नॉर्मल आहे." पुढच्या वेळीही तेच, फक्त डॉक्टर वेगळे. चार्ट असतो समोर, मधोमध, अंधाऱ्या खोलीत. माझी सावली कडेला आणि भर उजेडात. चार्टमध्ये ती सापडणार कुठून? तिसऱ्यांदा "नॉर्मल" ऐकल्यावर मी आवाज चढवला आणि मग मला तपासणीच्या खोलीतल्या ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नजर तपासणाऱ्या, मुलीकडे पाठवलं, बहुधा शांत करायला.

या हॉस्पिटलातली सगळ्यात हुशार व्यक्ती तीच, असं माझं मत. तिने चार्ट लावलाच नाही. म्हणाली, "काका, डावा हात कानशिलापाशी आडवा धरा बघू. आता सावली आहे?" सावली पुसट झाली. "हात काढा. आता?" परत आली. "मग ही बहुतेक डोळ्यामागच्या पडद्याची भानगड नाही, भिंगाच्या कडेची आहे. तरी डोळा डायलेट करून, म्हणजे थेंबांनी बाहुली मोठी करून, पडदा बघून घेऊ, खात्री असलेली बरी." पडदा धड निघाला. मग तिने कागदावर चित्र काढून दाखवलं. आपलं मूळ भिंग साधारण नऊ-दहा मिलिमीटर रुंद, बसवलेल्या भिंगाचा बघायचा भाग सहा. कानशिलाकडून तिरका येणारा प्रकाश थोडा भिंगातून वळून जातो, थोडा कडेबाहेरून निसटतो, आणि मध्ये पडद्यावर एक पट्टी उजेडाविना राहते. तीच माझी सावली. याला निगेटिव्ह डिसफोटोप्सिया म्हणतात, आणि चमकारे-रेघा दिसण्याला पॉझिटिव्ह. भिंगाची कड चौकोनी ठेवलेली असते, कारण भिंग ज्या पिशवीत बसवतात तिच्या मागच्या बाजूवर पेशी सरकायला त्या कडेमुळे अटकाव होतो आणि पुढे जाळी धरायचं प्रमाण कमी होतं. पण त्याच कडेवरून प्रकाश उसळतो. म्हणजे एक त्रास टाळायला दुसरा थोडासा पत्करलेला आहे. मला हे पटलं. हेच पाच मिनिटांचं चित्र ऑपरेशनच्या आधी काढलं असतं तर माझी झोप वाचली असती.

बहुतेकांची सावली काही महिन्यांत आपोआप कमी होते किंवा जाणवेनाशी होते. रुंद काडीचा चष्मा लावला की बाजूचा उजेड अडतो आणि आराम पडतो. मी जाड काळी फ्रेम घेतलीय, नातू हसतो. क्वचित कुणाची राहिलीच आणि फारच त्रास झाला तर भिंगाची बसण्याची जागा बदलणं, पुढे आणखी एक भिंग बसवणं किंवा भिंग बदलणं हे उपाय आहेत. पण ते परत ऑपरेशन, म्हणून डॉक्टर घाई करत नाहीत आणि करूही नये. माझी आता बरीच फिकी झालीय. शिवाजी पार्कच्या भर दुपारच्या उन्हात, बाहुली बारीक झाली की अजून डोकावते.

आता जी गोष्ट मला खरोखर खटकली ती. डिस्चार्जचं कार्ड सुंदर छापलेलं आहे, शुद्ध मराठीत. कोणता थेंब किती वाजता, डोक्यावरून अंघोळ नको, डोळा चोळू नका, तांदूळ पाखडू नका, सगळं आहे. पण कोणतं लक्षण दिसलं की सगळं टाकून धावत यायचं, ते नाही. सुरुवातीच्या दिवसांत दुखणं आणि लाली वाढत गेली, नजर उतरली, तर आत जंतुसंसर्ग असू शकतो, तिथे तासांचा हिशेब असतो. अचानक विजेसारखे लखलखाट, काळ्या ठिपक्यांचा थवा, एका बाजूने पडदा सरकत यावा तशी वाढणारी सावली, हे पडदा सुटत असल्याचं लक्षण असू शकतं, आणि ते ऑपरेशननंतर कित्येक महिन्यांनीही होतं. माझी सावली पहिल्या दिवसापासून होती तेवढीच होती, वाढत नव्हती. हा फरक मला त्या मुलीने सांगितला, कार्डाने नव्हे. आणि काही आठवड्यांनी सरळ रेघा वाकड्या दिसू लागल्या, नजर मध्यभागी धूसर झाली, तर पडद्याच्या मध्यावर सूज असू शकते. मधुमेह असणाऱ्यांना तिचा धोका जास्त. पडद्याचे थर दाखवणाऱ्या ओसीटी स्कॅनमध्ये ती कळते आणि बहुतेकदा थेंबांनी उतरते.

कार्डावर रात्रीसाठी नंबर आहे. मी एका रात्री मुद्दाम लावून पाहिला. वॉचमनने उचलला आणि म्हणाला, सकाळी दहाला या. याचे पूर्ण एक स्टार कापले.

माझ्या मेहुणीचा अनुभवही इथलाच. तिचं ऑपरेशन होऊन दोनेक वर्षं झाल्यावर तिला धुरकट दिसायला लागलं आणि मोतीबिंदू परत आला म्हणून तिने लालबागभर सांगितलं. मोतीबिंदू परत येत नाही. भिंग ज्या पिशवीत बसवतात तिची मागची बाजू धुरकटते. याग लेझरने तिला मधोमध खिडकी पाडतात, चीर नाही, काही मिनिटांचं काम. तिचं त्याच दिवशी झालं, नीट झालं, दरही वाजवी. लेझरनंतर काही दिवस ठिपके तरंगताना दिसतील हे इथे मात्र सांगितलं होतं. म्हणजे सांगता येतं यांना.

बाकी किरकोळ. कॅशलेसचं पत्र यायला दुपार गेली. वेटिंगमधला टीव्ही फार मोठ्याने लावतात, तोही डायलेट केलेल्या पन्नास माणसांसमोर, ज्यांना तो दिसतच नाही. चहा बरा. आमच्या पिढीला मोतीबिंदू म्हटलं की जे. जे. आणि डॉ. तात्याराव लहाने आठवतात. खर्चाची अडचण असेल त्यांनी सरकारी दार आधी ठोठवावं, तिथल्या गर्दीची तयारी ठेवून.

उजवा डोळा पावसाळा संपला की करणार, इथेच आणि त्याच सर्जनकडे. पहिल्या डोळ्याला सावली दिसली तर दुसऱ्यालाही दिसू शकते, म्हणून या वेळी आधी त्यांच्याशीच बोलणार. रेटकार्ड नंतर. तुम्ही जाणार असाल तर सकाळची पहिली वेळ घ्या, आणि डायलेट केल्यावर एकट्याने लोकल पकडू नका, दादरचा जिना तर नकोच. थेंब तळमजल्यावरच्या मेडिकलमधूनच घ्यायची सक्ती नाही, बाहेर तेच औषध स्वस्त मिळालं. पाचपैकी साडेतीन. रात्रीचा फोन डॉक्टरने उचलला तर साडेचार करीन.