अँटेना आमचेच, भिंती आमच्याच, गेले ते 6,479

आधीच सांगतो, मी या बाबतीत अगदीच ढ नाही. ऑफिसात प्रिंटर अडला, नेट गेलं की लोक माझ्याकडे येतात. म्हणूनच हे लिहायला तीन आठवडे लागले.

वायफाय दुरुस्त करणाऱ्याचा नंबर नेटवर मिळाला. असले नंबर वर कसे येतात, पलीकडचा माणूस ‘कंपनीतूनच बोलतोय’ कसं म्हणतो, ते तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं. पण मुलीची ऑनलाइन परीक्षा दोन दिवसांवर आली होती आणि तिच्या खोलीत वायफायची एकच काडी दिसत होती. अशा वेळी तुम्ही काय केलं असतं ते मला सांगू नका.

माणूस वेळेवर आला. गळ्यात ओळखपत्र होतं, पण पूर्ण वेळ उलटं. व्हिजिटचे 499 त्याने दारातच घेतले. राउटर टीव्हीच्या मागे, कपाटाच्या खणात होता. त्याने खुर्ची ओढली आणि म्हणाला, “सर, जरा धरता का?” मी धरली. त्याने तिन्ही अँटेना आडवे केले आणि बोट दाखवावं तशी त्यांची टोकं बरोबर मुलीच्या खोलीच्या दाराकडे वळवली. “आता सगळा जोर तिकडे लावलाय. बघू तुमच्या अँटेनात दम आहे का.” खोलीत जाऊन फोनवर आकडा दाखवला: उणे 79 डीबीएम. डीबीएम म्हणजे फोनपर्यंत पोचणाऱ्या सिग्नलच्या जोराचं माप: शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं, दर दहाला दहापट फरक. उणे 79 म्हणजे रडकथाच. “गेलेत सर हे.”

तो क्षण माझ्या डोक्यातून जात नाही. अँटेना म्हणजे टॉर्च नव्हे! राउटरच्या साध्या काडीसारख्या अँटेनाचा सिग्नल टोकातून बाहेर पडत नाही, तो काडीभोवती पसरतो. काठीत अडकवलेली टायरची ट्यूब डोळ्यासमोर आणा. टोकाच्या दिशेला जवळजवळ काहीच नसतं. म्हणजे त्याने ‘आधीचा’ आकडा घेण्याआधी सिग्नल मुद्दाम मारला, आणि हे शाळेत शिकलेला मी खुर्ची धरून उभा होतो. अँटेना उभे असले की सिग्नल त्याच मजल्यावर आडवा पसरतो. वरच्या मजल्यावर हवा असेल तर एखादा आडवा करायचा, पण टोक कधीच त्या खोलीकडे नाही. एवढंच गुपित होतं.

मग बॅगेतून लांबलचक नवे अँटेना निघाले. वर छापलेलं ‘12 डीबीआय’, म्हणजे अँटेना सिग्नल एका दिशेला किती एकवटतो त्याचं माप. एक 1,450 ला, तीन मिळून 4,350. ते लावता लावता त्याने राउटर खणातून काढून कपाटाच्या वर ठेवला, त्यासाठी लांब केबलचे 380 वेगळे, आणि अँटेना सरळ उभे केले. खोलीत उणे 58. शंभर पटीहून जास्त सिग्नल! ‘सिग्नल ट्यूनिंग’चे 1,250 मी हसत हसत फोनवरून पाठवले. जागाही बदलली, कोनही बदलला, अँटेनाही बदलले; मग फरक कशाने पडला, हे मी विचारलं नाही. तुम्ही विचारा. एका वेळी एकच गोष्ट बदलायला लावा आणि आकडा स्वतःच्या फोनवर बघा, त्याच्या नाही.

आठ दिवसांनी मुलीने, कसलाही गाजावाजा न करता, जुने अँटेना पुन्हा पिळून बसवले. जागा तीच, उभेच. उणे 59.

“बाबा, एकचा फरक आहे,” ती म्हणाली. एवढा तर नुसता फोन वळवला तरी पडतो.

रागाच्या भरात एका नव्या अँटेनाचं आवरण कापलं. आत बोटाएवढी पितळी नळी, तिच्यात जाणारी बारीक वायर, आणि वर सगळी पोकळी. वायफायची 2.4 गिगाहर्ट्झची लहर साधारण 12.5 सेंटीमीटरची, तिच्या अर्ध्या लांबीचा अँटेना चालतो, त्यामुळे छोटा तुकडा असणं ही फसवणूक नाही. पण तसल्या तुकड्यातून दोनेक डीबीआय मिळतात, बारा नाही. आणि खरेच बारा असते तरी अँटेना नवी ताकद कुठून आणणार? तो ट्यूब चपटी करून लांब पसरवतो, वरचा मजला आणखी कोरडा पडतो.

तो नंबर आता बंद. मग खरी करमणूक सुरू झाली. इंटरनेट कंपनीच्या मदतकेंद्रावर 47 मिनिटं गाणं ऐकल्यावर उत्तर: “तो आमचा माणूस नाही.” नाही ना, म्हणूनच फोन केलाय! बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत, परवानगी तुमचीच. ग्राहक तक्रारीच्या अर्जात विक्रेत्याचा पूर्ण पत्ता भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. पत्ता माहीत असता तर मी अर्ज कशाला भरत बसलो असतो? पोलीस ठाण्यात दीड तास बाकावर. शेवटी ज्यांनी ऐकून घेतलं त्यांनी शांतपणे विचारलं, “सिग्नल वाढला ना पण?” मी म्हणालो, वाढला. “मग फसवणूक कुठे झाली?” ट्यूबचं चित्र काढून दाखवायला लागलो, तर त्यांनी कागद परत घेतला. रकमेचा आकडा ऐकून कोपऱ्यातला एक जण हसलाही. तक्रार नोंदली की नाही, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

राउटर घराच्या मधोमध, उंचावर, उघड्यावर ठेवा. मोठा आरसा, पाण्याची टाकी, लोखंडी कपाट आड येऊ देऊ नका. नंबर बिलावरचाच लावा. ओळखपत्र उलटं असेल तर सरळ करायला सांगा, संकोच गेला खड्ड्यात.

काल दुसऱ्याच नावाने त्याचं पान दिसलं. फोटोत माझंच कपाट, त्यावर माझा राउटर. खाली पाच ताऱ्यांचा शेरा, ‘उत्तम सेवा, लगेच फरक’. तो मीच लिहिलाय, तो दारात बूट घालत असताना.