जीन हार्लोची सही, १,८७५ डॉलर आणि नसलेले आजोबा

जुन्या हॉलिवूडच्या सह्या, फोटो, लॉबी कार्डं (थिएटरात लावायची सिनेमाची छोटी पोस्टरं) जमवणाऱ्यांनी हे वाचा. बाकीच्यांनी हसलं तरी चालेल, आमच्या घरी हसून झालंय.

१९३०च्या दशकातली हॉलिवूडची नटी जीन हार्लो, तिच्या सहीच्या फोटोसाठी मी १,८७५ डॉलर मोजले. वर टपाल आणि विमा ३८.५०. एकूण १,९१३.५०. (नवऱ्याला ३७५ सांगितले होते. खरा आकडा त्याला आता इथेच कळेल.) फोटो खोटा, सही खोटी, सोनेरी होलोग्रामवालं प्रमाणपत्रही खोटं. त्यावरचा नंबर ज्या साइटवर तपासायचा, ती साइटही विकणाऱ्याचीच!

पद्धत नेहमीचीच. लिलावाच्या साइटवर २,४०० ला लावलेला फोटो. मी दोन प्रश्न विचारले, की लगेच विक्रेता म्हणाला, "साइट कमिशन खाते, आपण बाहेर करू, तुम्हाला १,८७५ ला देतो." पैसे 'फ्रेंड्स अँड फॅमिली'मधून, म्हणजे ओळखीच्यांना पैसे पाठवायच्या सोयीतून, जिथे खरेदीदाराला संरक्षण नसतं. एवढंही कळत नाही का, असं विचारू नका. कळतं. पण त्याच्या नावावर ढिगाने चांगले अभिप्राय होते, आणि हार्लोच्या हातची सही रोज बाजारात येत नाही. जून १९३७ मध्ये मूत्रपिंडं निकामी होऊन गेली तेव्हा सव्वीस वर्षांची होती ती. शिवाय चाहत्यांना जे सहीचे फोटो टपालाने जायचे, त्यांतल्या बहुतेकांवर सही करायची तिची आई. आणि गंमत बघा, आईचं माहेरचं नाव जीन हार्लो! मुलगी हार्लीन कारपेंटर. पडद्यासाठी तिने आईचं नाव घेतलं. हे सगळं मला पाठ, म्हणून मी आपली "ही आईची सही नाही ना" एवढंच खोदून विचारत बसले. बाईला कुठे पकडायचं ते त्याला तिथेच कळलं.

लगेच त्याच्या आजोबांच्या पत्राची प्रत आली. आजोबा कल्व्हर सिटीला एमजीएम स्टुडिओत लाइटमन. १९३० साली 'हेल्स एंजल्स' सिनेमाच्या सेटवर हार्लोने त्यांच्यासमोर सही करून दिली. थरथरतं अक्षर, कोपऱ्यात कॉफीचा ओघळ, एक शब्द खोडून वर पुन्हा लिहिलेला.

अहो, 'हेल्स एंजल्स' एमजीएमचा नव्हताच! तो निर्माता हॉवर्ड ह्यूजचा, आणि हार्लोही तेव्हा त्याच्याच कराराला बांधलेली. एमजीएमने तिचा करार विकत घेतला मार्च १९३२ मध्ये, ३०,००० डॉलर देऊन. हे मी झोपेत सांगेन. कुणी चुकलं तर भर पार्टीत दुरुस्त करते मी! आणि तेच वाक्य डोळ्यांखालून गेलं तेव्हा मनात काय आलं, तर 'म्हातारपणी होतो गोंधळ बिचाऱ्यांचा'. बिचारे! जन्मालाच न आलेल्या माणसाची मी कीव करत होते, आणि त्याच मिनिटाला पैसे पाठवत होते. तो खोडलेला शब्द आठवला की अजून कानशिलं तापतात. किती विचार करून खोडला असेल मेल्याने.

फोटो आला. खोलीत अंधार करून यूव्ही (अतिनील किरणांचा) टॉर्च मारला, तर कागद निळापांढरा झगझगला. कागद असा उजळवणारी रसायनं फोटोच्या कागदात येऊ लागली ती १९५०च्या आसपास. दहा-बारा डॉलरचा टॉर्च आहे, घेऊन ठेवा. चमकला तर कागद हार्लोच्या काळातला नाही हे नक्की. नाही चमकला म्हणून जुना ठरत नाही, तिथेही फसाल.

आता पुढची करमणूक. पोलीस ठाण्यात सांगितलं, हा दिवाणी मामला, विक्रेता दुसऱ्या राज्यातला, तिकडे बोला. तिकडचे म्हणाले, तुम्ही राहता तिथे तक्रार करा. आमच्याकडच्या अधिकाऱ्याने वर विचारलं, सही ज्यांची आहे त्या बाईंचा फोन नंबर? म्हटलं, त्या १९३७ साली वारल्या. तर तो 'पीडित व्यक्ती मृत' या चौकटीत खूण करायला निघाला. पीडित मी आहे हो! ऑनलाइन तक्रार केली, तर एक लांबलचक क्रमांक मिळाला आणि वर सूचना, याबद्दल विचारणा करू नये. ग्राहक कार्यालयाने तर कमालच केली. माझी तक्रार जशीच्या तशी विक्रेत्याला पाठवली, माझ्या घरच्या पत्त्यासकट! त्याने एका ओळीत कळवलं, 'वस्तू वर्णनाप्रमाणेच', की फाइल बंद. पैसे पाठवणारी कंपनी म्हणते, तुम्ही स्वखुशीने पाठवलेत. लिलावाची साइट म्हणते, व्यवहार आमच्याकडे झालाच नाही. कॅलिफोर्नियात १९९०च्या दशकात एफबीआयने 'ऑपरेशन बुलपेन'मध्ये खोट्या सह्यांची टोळी पकडली होती. मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉल निघाले होते त्यात! म्हणजे मनावर घेतलं तर पकडता येतात. माझ्या १,९१३.५० साठी कोण मनावर घेणार?

बॉलपेन अमेरिकेत विकायला आलं ऑक्टोबर १९४५ मध्ये. त्याआधी गेलेल्या नटनट्यांची बॉलपेनची सही कुणी दाखवली, तर पुढे बोलूच नका. सही पाहण्याआधी फोटोची पाठ मागा, सरळ, उजेडात. आजोबा, आजी, स्टुडिओतला काका आला की आधी साल आणि स्टुडिओ जुळवा. व्यवहार साइटबाहेर नको, शंभर डॉलर वाचत असले तरी नको.

परवा तोच विक्रेता नव्या नावाने दिसला. आता त्याच काळातला नट क्लार्क गेबल, ३,१०० डॉलर, आणि तेच आजोबा. फक्त लाइटमनचे सुतार झालेत. मी रिपोर्ट केलंय, जाहिरात अजून आहे. फिकट लाकडी टेबलावर, कपाच्या गोल डागाशेजारी ठेवलेला फोटो दिसला, तर तोच हा.