अक्षय्य तृतीया ते रंगपंचमी: सिमरोलजवळच्या फार्महाऊसमधले दहा महिने

इंदूरच्या राजेंद्र नगरातलं घर मुलाच्या हवाली करून आम्ही तिघं, म्हणजे मी, हे आणि सासूबाई, गेल्या अक्षय्य तृतीयेला खंडवा रोडवर, सिमरोलच्या आतल्या बाजूला राहायला आलो. जमीन पावणेदोन एकर, इथल्या हिशेबानं तीन बिघ्यांना थोडी कमी. मधोमध तयार बांधलेलं नव्या धर्तीचं घर: उतरतं पत्र्याचं छप्पर, उंच दिवाणखाना, पश्चिमेला पूर्ण भिंतभर काच, पुढे लांबलचक ओसरी. जाहिरातीतले फोटो खरेच होते. पण आम्ही घर पाहिलं जानेवारीत, तेव्हा माळव्यातली कुठलीही जमीन गुणीच दिसते. अशी जागा घ्यायची असेल तर एकदा तरी ऑगस्टमध्ये जाऊन बघा, तेही मोठा पाऊस होऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी.

कारण सगळं येऊन थांबतं ते काळ्या मातीपाशी. ही माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते. मे महिन्यात आमच्या शेतात हात जाईल एवढ्या भेगा होत्या, आणि जुलैत तीच माती बुटाला किलोकिलोनं चिकटत होती. ऑगस्टच्या शेवटी ओसरीची फरशी मधून उचलली गेली आणि खांबाशेजारी तिरकी चीर पडली. मी घाबरले, वाटलं आता घरच जातंय. ओळखीतले एक सिव्हिल इंजिनिअर येऊन बघून गेले. मुख्य घर अंडर-रीम्ड पाइल्सवर उभं आहे, म्हणजे खाली कंद असलेले काँक्रीटचे खांब जिथे ओल फारशी बदलत नाही त्या थरापर्यंत नेलेले आहेत. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं ही पद्धत काळ्या मातीसाठीच रुजवली. म्हणून घराला काही झालं नाही. ओसरी मात्र मागाहून, नुसत्या मुरुमाच्या भरावावर घातलेली. विकणाऱ्यानं हे सांगितलं नाही, आणि आम्हाला विचारायचं सुचलं नाही. तुम्ही विचारा. ओसरी, जिना, कंपाउंडची भिंत, प्रत्येकाचा पाया वेगळा विचारा. छपराचं पाणी भिंतीच्या बुडाशी मुरतं की लांब जातं तेही बघा. आम्ही आता घराभोवती तीन फुटांचा सिमेंटचा पट्टा करून घेतलाय आणि पन्हळी लावल्यात.

त्या पन्हळींनी पाण्याचाही प्रश्न बराच हलका होईल. बोअर ४०० फुटांचा आहे, पण खाली सगळा बेसॉल्ट. भेगेत पाणी लागलं तर लागलं. मेअखेरीस मोटर अर्ध्या तासात हवा ओढायला लागायची आणि तीन वेळा टँकर मागवावा लागला. ‘डग डग रोटी, पग पग नीर’ ही माळव्याची जुनी ओळख, ते नीर आता पावसाळ्यातच जपून ठेवावं लागतं. आमचं छप्पर साधारण २,००० चौरस फूट. इंदूरचा वर्षाचा पाऊस ९५० मिलिमीटरच्या आसपास धरला आणि वाया जाणारं सोडलं, तरी सव्वा लाख लिटर पाणी निघतं. ते गाळून शेतातल्या जुन्या विहिरीत सोडायची सोय केली आहे.

विजेचं थोडक्यात. जुनं कनेक्शन पंपाचं होतं, आणि शेतीच्या फीडरला, म्हणजे पंपांच्या वेगळ्या वीजवाहिनीला, दहा तासच वीज. घरगुती कनेक्शन वेगळं घ्यावं लागलं. मग छतावर ३ किलोवॅटचं सोलर बसवलं. पीएम सूर्यघर योजनेत त्याला ७८,००० रुपये अनुदान मिळालं. मात्र साधं ऑन-ग्रिड, म्हणजे सरकारी लाइनला जोडलेलं, सोलर वीज गेली की स्वतःही बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. लाइनवर काम करणाऱ्याला धक्का बसू नये म्हणून ते तसंच असतं. गावाकडे राहायचं तर बॅटरीची तजवीज आधीच करा.

पश्चिमेच्या काचेवर मी अजून नाराज आहे. मेमध्ये दुपारी तीननंतर दिवाणखान्यात बसवत नव्हतं. बाहेरून बांबूच्या चिका, म्हणजे काड्यांचे पडदे, सोडल्यावर फरक पडला. आतल्या पडद्यांचा फारसा उपयोग नाही, ऊन काचेबाहेरच अडवायला हवं. पत्र्यावर पाऊस पडला की सासूबाईंना ऐकूच येत नाही, त्या टीव्ही बंद करून जप करत बसतात.

कागदांत खसरा आणि बी-१ (इथले जमिनीचे उतारे, आपल्या सातबारासारखे) आणि डायवर्शन (शेतजमीन बिगरशेती केल्याचा कागद) हे सगळे बघतात. आम्ही सीमांकन, म्हणजे हद्दीची मोजणी, मात्र ताबा घेतल्यावर केलं, आणि तेव्हा कळलं की फाटकापर्यंतच्या रस्त्याचा शेवटचा तुकडा शेजारच्या पटेल साबांच्या शेतातून जातो. त्यांनी मोठ्या मनानं लेखी वाट दिली. ते नाही म्हणाले असते तर आम्ही काय केलं असतं, हा विचार आला की अजून धस्स होतं. रोजडे, म्हणजे नीलगायी, रात्री हरभरा खायला येतात, तेव्हा टॉर्च घेऊन धावून येणारेही पटेल साबच.

आणि तरीही मला शहरात परत जायचं नाही. उन्हाळ्यात रात्री नऊनंतर जी गार झुळूक सुटते, ती राजेंद्र नगरात आम्ही विसरूनच गेलो होतो. फेब्रुवारीत स्वतःच्या शेतातले हरभऱ्याचे होळे भाजले, दाल-बाफले (वरणाबरोबर खायचे उकडून भाजलेले कणकेचे गोळे) केले, अख्खं कुटुंब जमलं. ऐंशीच्या सासूबाई रोज शेताला एक फेरी मारतात. शहरात त्या जिन्याच्या भीतीनं खाली उतरत नसत.

रंगपंचमीला इंदूरच्या राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघून रात्री परत आलो, आणि दुसऱ्या दिवशी गवंडी आले. ओसरीची फरशी पूर्ण काढली आहे, या वेळी खाली पाइल्स आणि बीम घालून घेतोय. तोवर सासूबाईंची खुर्ची विहिरीजवळच्या कडुनिंबाखाली आहे, आणि काम कुठवर आलं हे त्या तिथूनच गवंड्यांना विचारत असतात.