द्वारकाच्या कोंडीत ६५०चे गचके: चेन, कॅम, मोड्यूल की फ्लॅश?

कसारा घाटात लोण्यासारखी पळणारी ६५० सीसीची ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरची मोटरसायकल, नाशिकच्या द्वारका ते मुंबई नाका एवढ्या अंतरात मानेला झटके देऊन जीव नकोसा करते. इंटरसेप्टरवाल्याला विचारा की वर्सिसवाल्याला, तक्रार तीच: दुसरा गिअर, वीसचा स्पीड, रेस सोडली की गाडी बसते आणि दिली की उसळते. त्यावर कुणी थ्रॉटल कॅम सुचवतो, कुणी फ्युएल मोड्यूल, कुणी थेट ईसीयू फ्लॅश (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर बदलणं). तिन्ही वस्तू चांगल्याच आहेत, पण तिन्हींचा रोग वेगळा आहे.

म्हणून पैसे काढण्याआधी सकाळी गंगापूर रोडला धरणाकडे मोकळा पट्टा बघा आणि दुसऱ्या गिअरमध्ये रेस एका जागी धरून चाला. हात स्थिर असूनही गाडी पुढे-मागे डोलत असेल तर इंजिन लीन चालतंय, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. स्थिर रेसवर गुळगुळीत, पण सोडून परत देताना ‘खट्’ होत असेल तर बहुधा चेन, मूठ वगैरेत कुठेतरी ढिलाई आहे. आता मागचा ब्रेक जरासा दाबून तेच करा. गचका गायब झाला तर ढिलाईच, कारण ब्रेकने चेन ताणलेली राहते. आणि फक्त खड्ड्यातच गाडी उसळत असेल तर दोष मनगटाचा; खड्डा हात हलवतो, हात रेस हलवतो. सिंहस्थाच्या तयारीत शहरभर जे खोदकाम चाललंय, त्यात हा तिसरा प्रकार फार दिसतो.

ट्विनलाच हे जास्त का? इंटरसेप्टरसारख्या २७० अंशी क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) इंजिनात दोन स्फोटांमधलं अंतर एकदा २७० अंश आणि एकदा ४५० अंश असतं. १,५०० आरपीएमला ४५० अंश म्हणजे सेकंदाचा विसावा भाग. तेवढ्या वेळात चेन सैल पडते आणि पुढच्या स्फोटाला ताणली जाते. चार सिलिंडरच्या गाडीत हाच स्फोट दर १८० अंशांनी येतो, म्हणून ती कळू देत नाही. त्यात प्रदूषणाच्या नियमांमुळे कमी रेसवर कंपनी पेट्रोल मोजूनमापून देते, आणि रेस पूर्ण सोडली की इंजेक्शन काही काळ बंदच करते. ते परत चालू होतं तो क्षणही गचका देतो.

ढिलाईचा इलाज सगळ्यात स्वस्त, आणि माझ्या मते निम्म्या लोकांचं काम इथेच भागतं. स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणारा दांडा) स्टिकरप्रमाणे चेनचा ढिलेपणा तपासा, तोही चाक फिरवून चेन जिथे सगळ्यात घट्ट लागते तिथे. रेसच्या मुठीला साधारण २-३ मिलिमीटर प्ले (मोकळी हालचाल) पुरतो. मागच्या हबमधली, चाक आणि स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) यांच्यामधली कपलिंग रबरं मात्र कुणी बघत नाही. गाडी गिअरमध्ये टाकून बंद ठेवा आणि मागचं चाक हाताने पुढे-मागे हलवा. स्प्रॉकेट जागेवर राहून चाक बरंच फिरत असेल तर रबरं झिजली. शेवटी थ्रॉटल बॉडीचं, म्हणजे सिलिंडरला हवा सोडणाऱ्या भागांचं सिंक. दोन सिलिंडर सारखी हवा ओढत नसतील तर आयडलजवळ गाडी थरथरणारच, आणि हे काम व्हॅक्यूम गेज लावूनच होतं. ‘कानाने सेट करतो’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढे निघा.

आता कॅम. मुठीत केबल जिथे गुंडाळली जाते, तिथला गोल बदलून सुरुवातीला लहान आणि पुढे मोठा होत जाणारा गोल बसवायचा. सुरुवातीला मूठ तेवढीच फिरवली तरी बटरफ्लाय (हवेची झडप) कमी उघडतो. पूर्ण रेस मात्र पूर्णच मिळते. ईसीयूला हात लागत नाही, मायलेज तेच, काढून टाकणं सोपं. खड्ड्यातल्या उसळण्यावर यासारखा उपाय नाही. पण डोलणारी लीन गाडी याने सुधारणार नाही, आणि राइड-बाय-वायर (रेसचा इशारा इलेक्ट्रॉनिक सिग्नलने जाणाऱ्या) गाडीत मूठ ते झडप केबलच नसल्याने हा कॅम लागणार नाही. अशा गाडीत, उदाहरणार्थ बोनव्हिल टी१२०मध्ये, रेन मोड टाकून बघा. रेसचा प्रतिसाद मऊ होतो आणि खर्च शून्य.

मोड्यूलमध्ये दोन जाती आहेत आणि दुकानदार त्या एकाच नावाने विकतो. एक जात हवेच्या तापमानाचा सेन्सर फसवते: हवा थंड आहे असं समजून ईसीयू थोडं जास्त पेट्रोल सोडतो. पण ऑक्सिजन सेन्सर चालू असताना ईसीयू मिश्रण पुन्हा ठरलेल्या प्रमाणाकडे (निव्वळ पेट्रोलला १४.७ भाग हवा, एक भाग पेट्रोल) ओढतो, त्यामुळे फायदा मुख्यतः रेस देण्याच्या क्षणी. दुसरी जात ऑक्सिजन सेन्सरच्या सिग्नलमध्येच बदल करते; बंगळुरूचं फ्युएलएक्स या प्रकारचं. डोलणं यानेच थांबतं. बदल्यात मायलेज थोडं जातं आणि पीयूसीला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) वाढू शकतो. ई२०वर (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) जुनी गाडी अजून लीन वाटते ते खरंच आहे, इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. तिथे ही जात जास्त उपयोगी.

पुढचं स्प्रॉकेट एक दात कमी करण्याचा सल्लाही मिळेल. इंजिन जरा वरच्या आरपीएमला राहतं एवढंच, रेस सोडण्या-देण्याचा गचका तसाच.

फ्लॅश सगळ्यात महाग आणि सगळ्यात पूर्ण. रेस सोडल्यावरचा इंधन-कट नीट बदलायचा तर हाच मार्ग. डायनोवर (रोलरवर गाडी चालवून मोजणारं यंत्र) लावून करायचं असेल तर पुण्या-मुंबईची फेरी लागू शकते. वॉरंटी चालू असेल तर मी करणार नाही.

तुमची केबलची ६५० असेल आणि ती रोज सीबीएस-शालिमारच्या कोंडीतून जात असेल, तर मी रबरं आणि सिंक करून घेईन, महिनाभर चालवेन आणि मग गरज उरली तर कॅम घालेन. मोड्यूल फक्त डोलणाऱ्या गाडीला. सायलेन्सर आणि फिल्टर दोन्ही बदललेले असतील तर मधल्या पायऱ्या सोडून थेट फ्लॅशकडे जा, पण ट्यूनरकडून मूळ आणि बदललेल्या दोन्ही फाइलच्या कॉपी घ्या. सर्व्हिस सेंटरमध्ये सॉफ्टवेअर अपडेट झालं की ट्यून पुसली जाऊ शकते आणि गाडी विकताना मूळ फाइल लागू शकते.