लाइव्ह-बिल्ड : नेटवर्कवरून सुरू होणारे डेबियन

हार्डडिस्क नसलेल्या काही जुन्या संगणकांसाठी डेबियन या लिनक्स प्रणालीच्या ‘लाइव्ह-बिल्ड’ने नेटवर्क बूटची इमेज (चालवायला तयार अशी प्रणालीची प्रत) तयार केली, आणि या साधनाचा साधेपणा मनापासून आवडला. ‘एलबी कॉन्फिग’ या आज्ञेला इमेजचा प्रकार ‘नेटबूट’ सांगायचा, हवी ती पॅकेजेस एका साध्या यादीत ओळीने लिहायची आणि रूट अधिकाराने ‘एलबी बिल्ड’ चालवायचे, की कर्नल (प्रणालीचा गाभा), इनिटआरडी (सुरुवातीपुरती लागणारी छोटी फाइल प्रणाली) आणि स्क्वॉशएफएस (संपूर्ण प्रणालीची दाबून लहान केलेली फाइल) यांचे एकच टार गाठोडे हाती येते.

खरी कसोटी पुढे लागते. टीएफटीपी हा फाइल पाठवण्याचा साधा प्रोटोकॉल मूळच्या पद्धतीत 512 बाइटांचा एकेक तुकडा पाठवून दरवेळी पोच येईपर्यंत थांबत असल्याने त्यावरून फक्त कर्नल आणि इनिटआरडी द्यावे. स्क्वॉशएफएस मात्र बूटच्या वेळी द्यायचा ‘फेच’ पर्याय वापरून एचटीटीपीने घ्यावी. ती संपूर्ण रॅममध्ये उतरते, म्हणून यादी आटोपशीर हवी. हौसेने घातलेले ऑफिस पॅकेज मी निमूटपणे काढले. ‘फेच’च्या पत्त्यात सर्व्हरचे नाव न लिहिता आयपी क्रमांक द्यावा, असे मॅन्युअलमध्ये स्पष्ट नमूद आहे. ते न वाचता अख्खी संध्याकाळ डीएचसीपीवर (संगणकांना आयपी क्रमांक वाटणाऱ्या सेवेवर) संशय घेण्यात घालवली, हा दोष सर्वस्वी माझा. तरीही इतकी कळीची सूचना अधिक ठळकपणे द्यायला हवी होती.