पिर्क बचाव शिकवणारा सांगलीतला वर्ग : एक अभिप्राय

बुद्धिबळाचे संघटक भाऊसाहेब पडसलगीकर यांच्या सांगलीत बुद्धिबळाच्या वर्गांची वानवा नाही; मात्र काळ्या मोहऱ्यांसाठीचा एकच बचाव हाती घेऊन तो मुळापासून उलगडणारा वर्ग क्वचितच मिळतो. विश्रामबागेतील एका प्रशिक्षकांचा रविवार सकाळचा पिर्क बचावाचा वर्ग त्या दृष्टीने मला फार मोलाचा वाटला.

पांढऱ्याच्या ई४ ला डी६ (ही पटावरील घरांची नावे; नुसते घर सांगितले की तिथे प्यादे जाते), मग घोडा एफ६ वर, जी६ आणि उंट जी७ वर, एवढी मांडणी कोणीही पाठ करू शकतो. पांढऱ्याला पटाचा मध्य व्यापू द्यायचा आणि त्यावर सी५ ने घाव घालायचा की ई५ ने, हा निर्णय त्याचा बेत दिसेपर्यंत राखून ठेवायचा, ही मुभा हेच या बचावाचे खरे बळ असून प्रशिक्षकांनी बहुतेक वेळ त्यावरच दिला, हे योग्यच झाले.

या बचावाविरुद्ध पांढरा वापरतो त्या ऑस्ट्रियन हल्ल्याचा भाग सर्वांत सरस होता. पांढऱ्याने एफ४ खेळून घोडा एफ३ वर आणला की काळा पाचव्या चालीला सी५ खेळतो. डी४ च्या प्याद्याने ते मारले, तर लगेच उलट मारायचे नाही, कारण वजिरांची मारामारी होऊन काळ्याचा किल्लेकोट (राजाला हत्तीआड सुरक्षित नेण्याची चाल) हुकतो. त्याऐवजी वजीर ए५ वर आणला की सी३ चा घोडा पिनमध्ये अडकतो (हलला तर मागचा राजा उघडा पडेल म्हणून त्याला हलता येत नाही), ई४ चे प्यादे धोक्यात येते आणि गेलेले प्यादेही परत मिळते. १९७२ साली रेक्याविकच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत, स्पास्कीविरुद्धच्या सतराव्या डावात, फिशर याच वाटेने गेला आणि डाव बरोबरीत सुटला. तो डाव मांडताना प्रशिक्षक "जी७ चा उंट आता कुठे बघतोय?" असे विचारून थांबत, आणि मुलांकडून उत्तर आल्याशिवाय पुढची चाल करीत नसत.

उंट ई३, वजीर डी२ आणि मग उंट एच६ वर नेऊन एचचे प्यादे पुढे रेटण्याचा पांढऱ्याचा बेत मात्र घाईत उरकला गेला. स्थानिक स्पर्धांत हाच हल्ला अधिक दिसतो. किल्लेकोट लांबवून सी६ आणि बी५ खेळण्याची काळ्याची योजना त्यामुळे सविस्तर यायला हवी होती. दिलेल्या टिपणांत पटाच्या आकृत्या नाहीत, हीही उणीव आहे.

पांढऱ्याच्या ई४ ला पहिल्याच चालीत ई५ ने उत्तर देऊन खेळण्याचा पुरेसा सराव झालेल्या खेळाडूंनी हा वर्ग अवश्य करावा. नवशिक्यांच्या पालकांनी थोडे थांबावे.