सांधे बदलणारी दोन गाणी: ‘आय गॉट अ बॉय’ की ‘ओ.ओ’?

एकाच गाण्यात दोन-तीन गाणी जोडायची, हा के-पॉपमधला, म्हणजे कोरियन पॉप संगीतातला, जुना वाद. गर्ल्स जनरेशन या मुलींच्या गटाचं ‘आय गॉट अ बॉय’ १ जानेवारी २०१३ ला आलं, तेव्हा चाहते चक्रावले होते. लय मध्येच धावते, कुणीतरी “थांबा” म्हणतं आणि चाल बदलते. पण गाणं आहे मैत्रिणींच्या गप्पांचं. गप्पांत एकीचं बोलणं तोडून दुसरी बोलतेच, म्हणून ते धक्के मला खरे वाटतात. शिवाय धृपद पुन्हा पुन्हा येतं आणि कान घरी परततो.

एनमिक्स या दुसऱ्या मुलींच्या गटाचं ‘ओ.ओ’ (फेब्रुवारी २०२२) जास्त धीट. ब्राझीलच्या बायली फंक या नाचाच्या संगीताचा ठेका अचानक तुटतो, उड्या मारणारा पॉप-रॉक सुरू होतो आणि पुन्हा पहिला ठेका. या पद्धतीला त्यांनी ‘मिक्स पॉप’ असं नावच दिलंय. पदार्पणालाच एवढी जोखीम घेणं मला मनापासून आवडतं, आणि गटातल्या लिलीचा आवाज तर काय सांगावा! तरी इथला सांधा दिसतो. दोन्ही तुकडे वेगवेगळे छान, पण एकाला दुसऱ्याची गरज का, ते गाणं सांगत नाही.

माझं मत ‘आय गॉट अ बॉय’ला. ‘ओ.ओ’ मात्र हेडफोन लावून तीनदा ऐका, पहिल्यांदा ते निसटतंच.